पोलादाचे उभे-आडवे

कापडाला उभा-आडवा धागा असतो, हे वऱ्हाडात कोणाला सांगावे लागत नाही. पण पोलादाच्या पत्र्यालाही उभे-आडवे असते हे मला ठाऊक नव्हते, आणि त्या अज्ञानापायी एका गरीब कारागिराचा ऐन हंगाम मी बुडवणार होतो.

अकोल्याच्या जुन्या शहरात, असदगडाच्या बाजूला, एका लहानशा वाइंडिंगच्या दुकानात मी तेव्हा उमेदवारी करीत होतो. एप्रिलचे दिवस. कूलरचे सांगाडे जोडणाऱ्याचा वेल्डिंगचा ट्रान्सफॉर्मर जळून आला होता. गाभ्यातल्या बऱ्याच पट्ट्या गंजलेल्या. उस्ताद बाहेरगावी गेलेले. मी नवा पत्रा काढला आणि तुकडा वाया जाऊ नये म्हणून निम्म्या पट्ट्या आडव्या कापल्या. केवढी काटकसर!

बटण दाबले मात्र, वेल्डिंग सुरू नसतानाच यंत्र घुमू लागले. थोड्या वेळाने गाभ्याला हात लावण्याची सोय उरली नाही. तेवढ्यात उस्ताद आले. दारातूनच आवाज ऐकून म्हणाले, “कोनं कापल्या बे ह्या पट्ट्या? पत्र्याची गुंडाळी पाह्यली होती का? लांबी सोडून आडवं कापलं तर तो चुंबक कसा घेईन?”

कारण मला पुढे पुस्तकांतून कळले. पत्रा दिसतो एकसंध, पण असतो स्फटिककणांचा. प्रत्येक कणात लोखंडाचे अणू घनाच्या आठ कोपऱ्यांवर आणि एक मधोमध, अशी मांडणी पुन्हा पुन्हा आलेली. घनाच्या कडेच्या दिशेने लोखंड चटकन चुंबकते. कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्याकडे मात्र फार नाखुषीने. साध्या पत्र्यात हे कण जत्रेतल्या गर्दीसारखे वाटेल तिकडे तोंड करून असतात. अमेरिकेतल्या नॉर्मन गॉस यांना 1934 साली ज्या रीतीचे पेटंट मिळाले, तिने त्यांना एका दिशेला वळवले. सुमारे 3 टक्के सिलिकॉन असलेले पोलाद थंडच लाटायचे, तापवायचे, पुन्हा लाटायचे. लाटताना कण चेपतात आणि वळतात. तापवताना नवे कण जन्मतात. शेवटी 1200 अंशांच्या आसपास दीर्घकाळ भाजायचे. पोलादात मुद्दाम राखलेली मँगनीज सल्फाइडसारखी बारीक भुकटी बहुतेक कणांची वाढ रोखून धरते. योग्य दिशेचे मोजके कण तेवढे निसटतात आणि शेजाऱ्यांना गिळीत सेंटिमीटरभर वाढतात. त्यांच्या घनाची कड बरोबर लाटण्याच्या दिशेत येते. कारखान्याची ही सारी मेहनत मी एका कात्रीने आडवी केली होती!

असा पत्रा आपल्या नाशिक जिल्ह्यातही होतो. थायसेनक्रुपचा तिथला कारखाना 2025 साली जेएसडब्ल्यू आणि जपानच्या जेएफई यांच्या भागीदारीकडे गेला. गल्लीतला ट्रान्सफॉर्मर रात्रंदिवस चालू असतो, घरोघरचे दिवे मालवले तरी त्याचा गाभा वीज खातच असतो. ती भूक या पत्र्याने कितीतरी कमी होते.

त्या रात्री आम्ही गाभा पुन्हा उकलला. उस्तादांनी एकेक पट्टी उभी कापून दिली, मी रचली. पहाटे यंत्र नुसते गुणगुणत होते. सकाळी कारागीर हातगाडी घेऊन आला आणि काही न विचारता घेऊन गेला.

वाया गेलेल्या पत्र्याचे पैसे माझ्या पगारातून कापले गेले. ते उभे कापले की आडवे, हे विचारण्याची माझी छाती झाली नाही.