पत्रा फाटणार कुठे, हे साच्याआधीच कळते

नवी दिल्ली : मोटारीच्या दाराचा बाहेरचा पत्रा जेमतेम ०.७ मिलिमीटर जाडीचा असतो. शेकडो टन दाबाच्या प्रेसखाली तो साच्यात ओढला जातो, तेव्हा कुठे ताणून पातळ होतो, कुठे सुरकुततो, कुठे फाटतो. पूर्वी हे दोष साचा तयार झाल्यावरच उघड होत. मग साचा घासा, पुन्हा पत्रा दाबून पाहा, यात आठवडे जात.

१९८३ मध्ये गुरुग्राम येथे मारुती ८०० चे उत्पादन सुरू झाल्यानंतर राजधानी परिसरात सुट्या भागांच्या कारखान्यांचे जाळे विस्तारले. या उद्योगात आता साच्याचे पोलाद कापण्यापूर्वी संगणकावर चाचणी घेतली जाते. त्यासाठी पत्र्याचे हजारो सूक्ष्म चौकोनांत विभाजन करून प्रत्येकावरील ताण आणि उरलेली जाडी क्रमाक्रमाने मोजतात. हे आकडे ‘मर्यादा-वक्रा’शी ताडले, की धोक्याची जागा पडद्यावर लाल दिसते. या वक्राची पायाभरणी १९६० च्या दशकात अमेरिकेतील स्टुअर्ट कीलर आणि गॉर्टन गुडविन यांनी केली.

खरी डोकेदुखी मात्र ‘स्प्रिंगबॅक’ची. दाब सुटताच पत्रा थोडा मागे उसळतो आणि माप चुकते. म्हणून साचा मुद्दाम उलट्या दिशेने किंचित वाकडा घडवावा लागतो. ऑक्टोबर २०२३ पासून ‘भारत एनकॅप’ सुरक्षा चाचण्या लागू झाल्या आहेत. मोटारीचा सांगाडा हलका पण भक्कम ठेवायचा, तर उच्च ताकदीचे पोलाद लागते. आणि तेच अधिक उसळते.

संगणकाचे उत्तर त्याला पुरवलेल्या माहितीइतकेच विश्वासार्ह असते. पत्र्याच्या प्रत्येक गुंडाळीचे गुणधर्म थोडे वेगळे असतात, वंगणामुळे घर्षण बदलते. त्यामुळे अखेरची चाचणी प्रेसवरच होते.

आणि प्रेसपाशी माणूस उभा असतो. हा मुद्दा तांत्रिक चर्चेत सहसा येत नाही. ‘सेफ इन इंडिया’ ही संस्था २०१९ पासून ‘क्रश्ड’ या अहवालांतून वाहन उद्योगाच्या पुरवठा साखळीतील कामगारांच्या दुखापतींची नोंद करत आहे. हरियाणातील लहान पुरवठादारांकडे पॉवर प्रेसवर बोटे गमावलेल्या कामगारांच्या कहाण्या त्यांत वारंवार येतात. पत्रा कुठे फाटेल, हे सांगणाऱ्या संगणकीय चाचणीत त्या कामगाराचा हात कुठेच नसतो. हात साच्याजवळ येताच प्रेस थांबवणारा प्रकाश-संवेदक बाजारात उपलब्ध आहे. तो बसवायचा की नाही, हे कारखानदार ठरवतो.