आपल्या मापाचे बूट
कळसूबाई, १६४६ मीटर! महिला मंडळाबरोबर मी चढले ती लेकाच्या जुन्या, एक नंबर मोठ्या बुटांत. ‘एका दिवसासाठी नवे कशाला?’ चढताना काही वाटलं नाही; उतरताना मात्र पाय पुढे सरकून बोटं आपटत राहिली. अंगठ्यांची नखं काळीनिळी!

तेव्हा मैत्रिणींनो, बूट संध्याकाळी घ्या. दिवसभरात पाय थोडे फुगतात. जाड मोजे घालूनच बघा. बोटांपुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी. पावसाळ्यात ओल्या कातळावर मऊ रबराचा, खोल खाचांचा सोल बरा. शेवाळावर तरीही जपूनच. उन्हाळ्यात सुट्या मुरमाच्या घसाऱ्यावर घोटा झाकणारे बूट घ्या. नवे बूट आधी आठवडाभर बाजारहाटाला वापरा.

घरात सगळ्यांची मापं आपल्याला तोंडपाठ. आता स्वतःचंही माप घ्या ना!