तेलकट पाण्याची निवळणी : वीज आणि लोहचुंबक

मालवण, देवगड व वेंगुर्ले येथील खाडीकांठच्या शेतकऱ्यास खाऱ्या पाण्याची ओळख आहेच. बांध फुटून खाजणांत खार आला, तरी कांहीं पावसाळ्यांत तो धुऊन जातो. तेलाचें तसें नाहीं. तें मातीस चिकटून बसतें व मुळांस हवा-पाणी पोंचूं देत नाहीं.

सन २०२२ च्या सप्टेंबरांत ‘पार्थ’ हें डांबरवाहू जहाज या किनाऱ्यासमोरील समुद्रांत बुडालें. तटरक्षक दलानें १९ खलाशी वांचविले. परंतु तवंगाची धास्ती किनाऱ्यास पडली. असे प्रसंग क्वचित् येतात. यंत्रनौकांच्या तळांत साचणारें तेलकट पाणी मात्र नित्याचें आहे.

सुटें तेल तरंगतें, तें वरचेवर काढतां येतें. साबणानें व यंत्राच्या हालचालीनें घुसळलेलें पाणी मात्र ताकासारखें पांढुरकें होऊन निवळत नाहीं. कारण, तेलाच्या सूक्ष्म थेंबांवर एकाच जातीचा विद्युद्भार असून ते परस्परांस दूर लोटतात.

अशा पाण्यांत लोखंडाचे किंवा ॲल्युमिनियमचे पत्रे उभे करून एकाच दिशेचा वीजप्रवाह सोडतात. धन पत्रा झिजून त्याचा धातु पाण्यांत उतरतो, थेंबांचा भार मोडतो व त्यांचे पुंजके बांधतो. ऋण पत्र्यापाशीं निघणारे हायड्रोजनचे बुडबुडे ते पुंजके वर उचलतात. तुरटीनें गढूळ पाणी निवळतें, तोच हा न्याय. खाऱ्या पाण्यांतून वीज सहज वाहते, म्हणून ती कमी लागते. परंतु क्लोरीनही निघूं शकतो व हायड्रोजन पेट घेतो, सबब जागा मोकळी हवी.

पुढील काम लोहचुंबकाचें. किनाऱ्यावरील काळ्या वाळूंत चुंबक फिरविल्यास कांहीं कण त्यास चिकटतात. त्याच जातीच्या लोहखनिजाची, म्हणजे मॅग्नेटाइटची, अतिसूक्ष्म पूड पाण्यांत मिसळली असतां ती पुंजक्यांत गुंतते, आणि चुंबकानें सर्व गाळ लवकर ओढून काढतां येतो. पूड धुऊन पुन्हां वापरतां येते.

आंतरराष्ट्रीय नियमानें मोठ्या जहाजांनीं सोडलेल्या अशा पाण्यांत दहा लाख भागांत १५ भागांहून अधिक तेल असूं नये. लहान नौकांच्या बंदरांतही हेंच माप डोळ्यांपुढें ठेवावें.

मात्र या रीतींनीं तेल नाहींसें होत नाहीं. तें गाळांत येतें. तो गाळ खतखड्ड्यांत किंवा बांधावर कदापि टाकूं नये. ही योजना एकट्यादुकट्याच्या आवांक्याबाहेरची आहे. ती बंदरावर सहकारानेंच उभी राहावी. तोंवर प्रत्येकानें पंपाचें व नौकेचें जळकें तेल निराळ्या डब्यांत सांठवावें, आणि तेलकट तळ साबणानें धुऊन तें पाणी खाडींत सोडूं नये. न घुसळलेलें तेल काढणें सोपें. घुसळलेल्यास वीज लागते.