कचऱ्यामागची माणसं (लेखांक 6) : उचल कुठे दिली जाते?

मागच्या लेखांकात घंटागाडीवरच्या कामगाराचं पगारपत्रक पाहिलं. कचरा उचलणाऱ्या कंपनीच्या दफ्तरात ते नेटकं असतं: नाव, हजेरी, कपात, सही. वेठबिगारी शोधायला निघालेला तपासनीस बहुतेक वेळा त्या कागदापाशीच थांबतो. आज आपण उलट्या बाजूने येऊ, पालघर जिल्ह्यातल्या जव्हार तालुक्यातल्या जामसरकडून.

जामसर काय किंवा मोखाड्यातली गावं काय, शेती एका पावसाची. भात, नागली, वरई. दिवाळी सरली की वारली, कातकरी, ठाकूर, कोकणा कुटुंबं भिवंडी, वसई, कल्याणकडच्या वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर जगायला निघतात. सौदा मात्र दिवाळीत होत नाही. तो भर पावसाळ्यात होतो, घरातलं धान्य संपतं तेव्हा. कुणी आजारी पडतं, लग्न ठरतं, मयत होते, आणि मजूर पुरवणारा मुकादम हातावर आगाऊ पैसे ठेवतो. ही उचल. भट्टीवर आठवड्याला पोटापुरती खर्ची मिळते, खरा हिशेब हंगाम संपल्यावर. वही मालकाची, अक्षर मालकाचं. बाकी निघाली तर पुढच्या वर्षी पुन्हा तीच भट्टी.

या मुलखाला हे नवं नाही. लग्नासाठी सावकाराकडून कर्ज घेतलं म्हणून बायकोसकट त्याच्या शेतावर राबणाऱ्या वारल्याला लग्नगडी म्हणत. 23 मे 1945 ला तलासरीजवळच्या झरी गावी वारली जमले आणि गोदावरी परुळेकर, शामराव परुळेकर यांच्या किसान सभेच्या साथीने वेठ आणि लग्नगडी पद्धत नाकारली. पुढे 1980च्या दशकापासून विवेक आणि विद्युल्लता पंडित यांच्या श्रमजीवी संघटनेने याच पट्ट्यात वेठबिगार सोडवले. त्या कामासाठी 1999 साली लंडनच्या गुलामगिरीविरोधी संस्थेचा पुरस्कार या दोघांना मिळाला. तरीही 2021 मध्ये मोखाडा तालुक्यातल्या एका कातकरी मजुराने आत्महत्या केली, तेव्हा गुन्हा वेठबिगारीच्या कायद्याखाली नोंदवावा लागला. तक्रारीत कर्जाचा आकडा होता 500 रुपये. मुलाच्या कफनासाठी घेतलेले.

हा आकडा मी मुद्दाम सांगतो आहे. बेडी किती जड आहे हे रकमेवरून ठरत नाही. 1976 चा वेठबिगार पद्धती निर्मूलन कायदाही रक्कम विचारत नाही. घेतलेल्या पैशाच्या बदल्यात माणसाला काम सोडता येतं का, दुसरीकडे जाता येतं का, बाजारभावाने श्रम विकता येतात का, एवढंच तो पाहतो. वेठबिगारीचं कर्ज या कायद्याने आपोआप संपतं, आणि ते वेठबिगारीचं नव्हतं हे सिद्ध करण्याचा भार मजुरावर नाही, पैसे देणाऱ्यावर आहे. सर्वोच्च न्यायालय 1982 मध्ये आणखी पुढे गेलं. दिल्लीतल्या आशियाई खेळांच्या बांधकामावरील मजुरांच्या प्रकरणात न्यायालय म्हणालं, किमान वेतनापेक्षा कमी पैशांत करून घेतलेलं काम म्हणजे राज्यघटनेच्या कलम 23 ने मनाई केलेली सक्तीची मजुरी.

आता या कसोटीवर कचऱ्याची कंपनी ठेवून पाहा. शहराशी करार तिचा, पण गाड्या एकाच्या, झाडू मारणारे दुसऱ्याचे, वर्गीकरण शेडवरच्या बायका तिसऱ्याने आणलेल्या. शेडच्या भिंतीची वीट भट्टीवरून येते. सुकं भंगार गोदामात जातं आणि तिथून पुढे कुठे, हे कंपनीच्या वहीत नसतं. प्रत्येक पायरीवर एक मुकादम आहे. कंपनी ज्याला पुरवठादार म्हणते तो बहुधा पहिल्याच पायरीवरचा असतो. उचल दिली जाते ती शेवटच्या.

मधल्या पायऱ्या माणसाला कशा अदृश्य करतात हे मुंबईने पाहिलं आहे. महापालिकेच्या कचरा कामगारांना कागदावर स्वयंसेवक ठरवलं गेलं, पगाराला मानधन म्हटलं गेलं. स्वयंसेवक म्हटलं की कामगार कायदा लागूच होत नाही. मिलिंद रानडे यांच्या कचरा वाहतूक श्रमिक संघाने वर्षानुवर्षं हा लढा कोर्टात आणि रस्त्यावर लढवला. एप्रिल 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 2,700 कामगारांना कायम करण्याचा आदेश कायम ठेवला. हे कामगार वेठबिगार नव्हते. पण मालक कोण, हा प्रश्नच नाहीसा करण्याची युक्ती दोन्हीकडे एकच आहे.

म्हणून वेठबिगारीच्या प्रतिबंधाची सुरुवात मला निविदेपासून करावीशी वाटते. टनामागे मिळणाऱ्या दरात किमान वेतन, भविष्यनिर्वाह निधी, सुट्ट्या आणि हातमोजे बसत नसतील, तर तो दर कुणाच्या तरी फुकट श्रमावर उभा आहे. हे गणित दहा मिनिटांत करता येतं. सर्वात कमी बोलीवर सही करून खाली ‘सक्तीची मजुरी वापरणार नाही’ असं कलम घालणाऱ्या कंपनीने स्वतःलाच फसवलेलं असतं.

दुसरी गोष्ट उचलीची. तिच्यावर सरसकट बंदी घाला, असं सल्लागार सांगतात. मला ते पटत नाही. पावसाळ्यातली भूक खरी आहे. बंदी घातली तर मुकादम तीच उचल लपवून देईल, एवढंच. कंपनीने आगाऊ रक्कम स्वतः द्यावी, बिनव्याजी, लेखी, मर्यादित. आणि काम सोडणाऱ्याला त्यासाठी अडवता येणार नाही हे त्याच कागदावर लिहावं. मजुरी आठवड्याला द्यावी, जोडप्याची एकत्र नव्हे, बाईची तिच्या खात्यात. गावाकडे रोजगार हमीचे पैसे वेळेत पडले, 2020 मध्ये सरकारने कुटुंबामागे जाहीर केलेल्या 4,000 रुपयांच्या खावटी अनुदानासारखी मदत पावसाळ्याआधी हातात आली, तर मुकादमाची निम्मी ताकद जाते. ते काम सरकारचं आहे, पण मजूर कुठल्या गावचे हे विचारण्याचं काम कंपनीचं.

विचारायचं ते मुकादमाच्या माघारी, आणि मजुराला कळेल अशा बोलीत. काम सोडून उद्या गावी जातो म्हटलंस तर काय होईल? पैसे कधी घेतलेस, कुणाकडून? वही तू पाहिलीस का?

उत्तर नको ते आलं तर कंपन्या घाबरून कंत्राटदाराला काढून टाकतात. मजूर त्याच रात्री गायब होतात आणि दुसऱ्या भट्टीवर सापडतात. योग्य वाट उपविभागीय अधिकाऱ्याकडे जाते. जव्हारला ते कार्यालय आहे, आणि उपविभागासाठी दक्षता समितीची तरतूद कायद्यातच आहे. मुक्तीचा दाखला मिळाला तरच कर्ज संपल्याचा कागद हातात येतो. केंद्राच्या पुनर्वसन योजनेतून 30 हजार रुपयांपर्यंतची तातडीची मदत आणि पुढे प्रकरणानुसार 1 ते 3 लाख रुपये मिळण्याचा रस्ताही त्या दाखल्यानेच उघडतो. दाखला होईपर्यंत मजुरांचा मुक्काम, जेवण आणि थकलेली मजुरी कंपनीने सोसावी. कंत्राटदाराने बुडवलेली मजुरी मुख्य मालकाने द्यायची, हे तत्त्व आपल्या कायद्यात 1970 पासून आहेच.

पुढच्या आठवड्यात भंगाराच्या गोदामांत जाऊ. तिथे ना पगारपत्रक असतं ना हजेरी, त्यामुळे तपास वजनकाट्यापासून सुरू करावा लागतो.