दोन पेडल की तीन?

मोटारीच्या चाकांना सुरुवात शून्यापासून करावी लागते. इंजिनला ते जमत नाही. पेट्रोलचे इंजिन मिनिटाला 700–800 फेऱ्यांच्या फार खाली गेले की धडधडून बंद पडते आणि 6,000 च्या पुढे फार काळ फिरवलेले त्याला मानवत नाही. चाकांचे गणित वेगळेच असते. ताशी 100 किलोमीटरने धावणाऱ्या लहान गाडीचे चाक मिनिटाला जेमतेम 900 फेऱ्या मारते आणि सिग्नलला तर मुळीच फिरत नाही. या दोघांची सांगड घालायला गिअरबॉक्स असतो. पहिल्या गिअरमध्ये चाकाच्या एका फेरीमागे इंजिन 14 च्या आसपास फेऱ्या मारते, म्हणून जोर मिळतो आणि वेग मिळत नाही. पाचव्यात हेच प्रमाण 3 च्या आसपास येते. तिथे वेग भरपूर, पण चढ आला की गाडी खेचत नाही. गिअर बदलताना इंजिन आणि गिअरबॉक्स क्षणभर एकमेकांपासून सोडवावे लागतात, ते काम क्लचचे. मॅन्युअल गाडीत ही सारी उठाठेव चालकाचा डावा पाय आणि डावा हात करतो, ऑटोमॅटिकमध्ये गाडी स्वतः करते.

खरेदीच्या वेळी चर्चा बहुधा इथेच अडते: मॅन्युअल की ऑटोमॅटिक? वास्तविक भारतीय बाजारात ऑटोमॅटिक म्हणून चार निरनिराळ्या यंत्रणा विकल्या जातात आणि त्यांच्यातले अंतर मॅन्युअल-ऑटोमॅटिकमधल्या अंतराहून लहान नाही. ऑटोमॅटिक घेऊन पस्तावलेल्यांपैकी बरेच जण चुकीच्या जातीची ऑटोमॅटिक घेऊन पस्तावलेले असतात.

सर्वांत स्वस्त आणि म्हणून रस्त्यावर सर्वांत जास्त दिसणारी जात एएमटी. 2014 च्या फेब्रुवारीत मारुतीने सेलेरिओ आणली, तेव्हा ती भारतात आली. त्याआधी लहान ऑटोमॅटिक गाड्या मोजक्या होत्या, महाग होत्या आणि पेट्रोल जास्त पीत. सेलेरिओच्या मॅन्युअल आणि एएमटी दोन्ही गाड्यांचे अधिकृत ॲव्हरेज लिटरला 23.1 किलोमीटर असे सारखेच जाहीर झाले आणि बाजाराचे चित्र पालटले. मारुती तिला एजीएस म्हणते, इतर कंपन्यांनी आपापली नावे दिली आहेत. आतला मामला एकच. गिअरबॉक्स साधा मॅन्युअलचाच, क्लच प्लेटही तीच. फक्त क्लच दाबण्याचे आणि गिअर टाकण्याचे काम माणसाऐवजी कॉम्प्युटरच्या हुकमाने चालणारी यंत्रणा करते. त्यामुळे एएमटीची किंमत त्याच मॉडेलच्या मॅन्युअलपेक्षा साधारण 50–60 हजारांनीच जास्त असते.

या स्वस्ताईची किंमत गिअर बदलताना कळते. पाय जोरात दाबला की यंत्रणा क्लच सोडवते, गिअर बदलते, पुन्हा क्लच जोडते. तेवढा वेळ चाकांना जोर मिळत नाही आणि गाडीतल्या सर्वांच्या माना एकदम पुढे झुकतात. सरावलेला चालक गिअर पडण्याच्या बेतात असताना ॲक्सिलरेटरवरचा पाय किंचित हलका करतो, मग गचका जवळजवळ जाणवत नाही. दुपदरी रस्त्यावर ट्रकला ओव्हरटेक करताना मात्र हा क्षणाचा उशीर महागात पडू शकतो. अशा वेळी लिव्हर ‘एम’वर, म्हणजे मॅन्युअलवर घेऊन आधीच एक गिअर खाली आणावा आणि मग बाहेर पडावे. आणखी एक बारकावा अनेक नव्या मालकांना ठाऊक नसतो. बहुतेक एएमटी गाड्यांत ‘पी’, म्हणजे पार्किंगची जागाच नसते. आर, एन, डी आणि एम एवढेच. अशी गाडी उतारावर न्यूट्रलला ठेवून नुसत्या हँडब्रेकच्या भरवशावर सोडू नये. लिव्हर डी किंवा आर वर असतानाच इंजिन बंद करावे, म्हणजे गाडी गिअरमध्ये अडकून राहते. मॅन्युअलमध्ये पहिला किंवा रिव्हर्स टाकून ठेवण्याचीच ही रीत.

दुसरी जात टॉर्क कन्व्हर्टरची, आणि खरे तर जगभर ऑटोमॅटिक म्हणून पहिली रुजली ती हिच्याच घराण्यातली. जनरल मोटर्सने 1940 च्या ओल्डस्मोबिल गाड्यांत ‘हायड्रामॅटिक’ आणली. तिच्यात इंजिन आणि गिअरबॉक्स यांना तेलाच्या माध्यमातून जोडलेले होते. टॉर्क कन्व्हर्टर ही त्याच कल्पनेची पुढची पायरी. तेलाने भरलेल्या बंद डब्यात समोरासमोर दोन पाती असतात. इंजिन एक पाते फिरवते, त्याने ढवळलेले तेल दुसऱ्याला फिरवते. मधल्या तिसऱ्या लहान पात्यामुळे तेलाचा मारा वळवला जातो आणि सुरुवातीला जोर वाढून मिळतो. निघताना कोरडी प्लेट प्लेटवर घासत नसल्याने चढावर, ओझ्याखाली, चिखलात ही यंत्रणा निर्धास्त असते. मोठ्या डिझेल गाड्या आणि महिंद्रा थारसारख्या गाड्या हिलाच पसंती देतात ते उगाच नव्हे. जुन्या 4 गिअरच्या टॉर्क कन्व्हर्टर गाड्या पेट्रोल खात; आता 6 गिअर आणि वेग धरल्यावर दोन्ही बाजू घट्ट जोडून टाकणारा लॉक-अप क्लच आल्याने तो फरक पुष्कळ कमी झाला आहे.

तिसरी सीव्हीटी. हिच्यात ठरावीक गिअरच नसतात. रुंदी कमी-जास्त होणाऱ्या दोन पुल्या आणि त्यांच्यावर फिरणारा पोलादी पट्टा. पुली जसजशी आवळते-सैलावते तसतसे प्रमाण सलग बदलत जाते. डच कंपनी डाफने 1958 मध्ये रबरी पट्ट्याची अशी मोटार बाजारात आणली. महाराष्ट्राला हे तत्त्व मोटारीच्या कितीतरी आधी दुचाकीवर भेटले. डाव्या मुठीत गिअर असलेली चेतक पुण्यात आकुर्डीला तयार होत असतानाच 1980 च्या दशकात कायनेटिक होंडा आली आणि बिनगिअरची स्कूटर घरोघरी गेली. पुढे ॲक्टिव्हाने तो वाद निकालातच काढला. गिअरच्या स्कूटरला तेव्हा पुरुषी अभिमानाचे जे कवच होते, ते आज मॅन्युअल मोटारीभोवती काही ठिकाणी दिसते, ते असो. शहरातल्या संथ, शांत चालीला सीव्हीटीइतके मऊ दुसरे काही नाही. फक्त पाय एकदम खोल दाबला तर इंजिनचा आवाज आधी चढतो आणि वेग मागाहून येतो. घाई असलेल्याला ते खुपते.

चौथी ड्युअल क्लच, म्हणजे डीसीटी किंवा फोक्सवॅगनची डीएसजी. दोन क्लच असतात. एकाकडे विषम गिअर, दुसऱ्याकडे सम. तिसऱ्यावर गाडी चालू असतानाच चौथा तयार ठेवलेला असतो, त्यामुळे गिअर निमिषात बदलतो. महामार्गावर हिची मजा औरच. पण लहान गाड्यांतल्या अनेक डीसीटींचे क्लच कोरडे असतात आणि तासभर मुंगीच्या पावलाने सरकणाऱ्या ट्रॅफिकमध्ये ते तापतात. चीनमध्ये डीएसजीच्या तक्रारी इतक्या वाढल्या की 2013 च्या मार्चमध्ये फोक्सवॅगनला तिथल्या सुमारे 3.84 लाख गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलवाव्या लागल्या. यंत्रणा त्यानंतर सुधारली आहे, तरी ज्याचे रोजचे येणे-जाणे हिंजवडीच्या संध्याकाळच्या रांगेतून आहे, त्याने डीसीटीपेक्षा सीव्हीटी किंवा टॉर्क कन्व्हर्टरकडे पाहिलेले बरे.

या चारांखेरीज 2020 मध्ये ह्युंदाई व्हेन्यूत आलेली आयएमटी आहे. तिच्यात क्लचचे पेडल नाही, गिअर मात्र हातानेच टाकायचा. कल्पना चांगली होती, पण ती ना धड इकडची ना तिकडची ठरली.

निवडीचा पहिला निकष गाडी किती किलोमीटर चालते हा नसून कुठे चालते हा असावा. सिंहगड रोड किंवा वेस्टर्न एक्स्प्रेस हायवेवर गर्दीच्या वेळी मॅन्युअल गाडीत पहिला-दुसरा, पुन्हा पहिला, मध्ये न्यूट्रल असा खेळ अखंड चालतो. हाफ क्लचवर गाडी रेटण्याची सवय असेल तर क्लच प्लेट एरवीपेक्षा किती तरी लवकर संपते, आणि डावा गुडघा तिच्याही आधी बोलू लागतो. संधिवाताचा त्रास असलेल्यांना, पाठीचे दुखणे असलेल्यांना, उतारवयात गाडी शिकणाऱ्यांना ऑटोमॅटिक ही चैन राहत नाही. याउलट गाव ते तालुका असा मोकळा रस्ता, वर्षाकाठी मोजका प्रवास आणि जवळपास कंपनीचे वर्कशॉप नाही, अशा ठिकाणी मॅन्युअल आजही शहाणपणाची. तिचे क्लचचे काम तालुक्याचा कोणताही जाणता मेकॅनिक करतो. लहान गाडीला 8–10 हजारांच्या आसपास खर्च येतो. ऑटोमॅटिकचा बिघाड शोधायला स्कॅनर लागतो, आणि डीसीटीचा क्लच संच बदलायचा तर बिल त्याच्या कितीतरी पट होते. बॅटरी बसली तर मॅन्युअल गाडी चार जणांनी धक्का मारून सुरू होते. ऑटोमॅटिकला ती सोय नाही. बंद पडलेली ऑटोमॅटिक दोरीने ओढत नेण्यातही धोका असतो, कारण इंजिन बंद असताना गिअरबॉक्समध्ये तेल फिरत नाही. ती सपाट ट्रकवर चढवूनच न्यावी.

घाटाचा प्रश्न महाराष्ट्रात सर्वांत जास्त विचारला जातो आणि त्याचे उत्तर सर्वांत जास्त चुकते. ऑटोमॅटिक घाट चढत नाही, ही समजूत आता खरी नाही. बोरघाटात शनिवारी सकाळी गाड्या चढावर खोळंबतात तेव्हा जळक्या क्लच प्लेटचा जो वास येतो, तो हाफ क्लचवर गाडी तोलून धरणाऱ्यांचा असतो. एएमटी आणि डीसीटीवाल्यांनीही चढावर ब्रेक सोडून ॲक्सिलरेटरच्या जोरावर गाडी जागेवर धरली तर त्यांच्या क्लचची तीच गत होते. चढावर थांबायचे तर ब्रेकवरच थांबावे. हिल-होल्ड असेल तर गाडी मागे घरंगळत नाही.

खरी परीक्षा उतरताना असते. महाबळेश्वर सुमारे 1,350 मीटर उंचीवर. तिथून आंबेनळी घाटाने पोलादपूरला उतरताना 40 किलोमीटरच्या आत ही जवळजवळ सगळी उंची संपते. ज्या गिअरवर घाट चढतो त्याच गिअरवर तो उतरायचा, हा जुना दंडक मॅन्युअलचा चालक हाताने पाळतो आणि इंजिनच गाडीला मागे ओढून धरते. ऑटोमॅटिक नुसती ‘डी’वर सोडली तर अनेक गाड्यांत, पाय ॲक्सिलरेटरवरून उचललेला पाहून, वरचा गिअर पडतो. मग सारा भार ब्रेकवर येतो, ब्रेक तापतात, पेडल मऊ लागू लागते आणि शेवटी ब्रेक धरेनासे होतात. म्हणून उतार सुरू होण्याआधी एएमटी आणि डीसीटीत ‘एम’वर घेऊन दुसरा-तिसरा गिअर धरावा, सीव्हीटीत ‘एल’ किंवा ‘एस’ वापरावा. एवढे केले की ऑटोमॅटिक घाटात मॅन्युअलपेक्षा कमी सुरक्षित नाही. गाडी विकताना हे समजावून सांगणारे विक्रेते विरळा.

पैशांचा हिशेब पूर्वीइतका एकतर्फी राहिलेला नाही. सीव्हीटी, डीसीटी किंवा टॉर्क कन्व्हर्टर घ्यायची तर बहुतेक मॉडेलांत लाखभर किंवा त्याहून थोडे अधिक मोजावे लागतात. प्रत्यक्ष रस्त्यावर ऑटोमॅटिकने 16 ऐवजी 14 चे ॲव्हरेज दिले आणि वर्षाला 10,000 किलोमीटर गाडी चालली, तर जवळपास 90 लिटर जादा पेट्रोल लागते. 100 रुपये लिटर धरले तर हे वर्षाचे 9,000 रुपये. एएमटीत हा फरक बहुधा नगण्य असतो. सीएनजीवाल्यांना 2024 च्या सुरुवातीपर्यंत मॅन्युअलशिवाय पर्यायच नव्हता. टाटाने टियागो आणि टिगोर सीएनजीमध्ये एएमटी दिल्यापासून तोही खुला झाला.

परवान्याची बाब परदेशी जाणाऱ्यांनी आधीच लक्षात घ्यावी. भारतात हलक्या वाहनाचा परवाना दोन्ही गाड्यांना चालतो. ब्रिटनमध्ये मात्र ऑटोमॅटिकवर परीक्षा दिली तर परवानाही ऑटोमॅटिकपुरताच मिळतो. भारतीय परवान्यावर तिथे 12 महिने गाडी चालवता येते, नंतर तिथलीच परीक्षा द्यावी लागते. ती देण्याआधी मॅन्युअलचा हात मोडलेला नसावा. युरोपातील अनेक देशांत भाड्याने मिळणाऱ्या स्वस्त गाड्या अजूनही मॅन्युअलच असतात. अमेरिकेत उलट, तिथे मॅन्युअल शोधावी लागते.

मॅन्युअलवरून ऑटोमॅटिकवर येणाऱ्याचा डावा पाय काही दिवस घोटाळा करतो. क्लच समजून तो ब्रेकवर पडतो, आणि क्लचच्या सवयीने तळापर्यंत जातो. गाडी जागीच थबकते आणि मागचा येऊन आदळतो. डावा पाय बाजूच्या फूटरेस्टवर सोडून द्यावा आणि ब्रेक व ॲक्सिलरेटर दोन्ही उजव्याच पायाने चालवावेत. शिवाय ‘डी’वर असलेली ऑटोमॅटिक ब्रेक सोडताच आपोआप सरकू लागते. सोसायटीच्या पार्किंगमध्ये भिंतीला टेकलेल्या बऱ्याच गाड्यांचे मूळ यात आहे.

विजेच्या गाड्यांत हा वाद उरतच नाही. मोटर शून्य वेगालाही पूर्ण जोर देते, म्हणून नेक्सॉन ईव्हीसारख्या गाडीत गिअर बदलणारा गिअरबॉक्सच नसतो. घाट उतरताना हीच मोटर गाडीला मागे धरते आणि उलट बॅटरीत वीज भरते.

पेट्रोल-डिझेलची घ्यायची असेल तर टेस्ट ड्राइव्ह शोरूमसमोरच्या सपाट रस्त्यावर उरकू नये. गाडी एखाद्या चढावर थांबवून पुन्हा काढावी, गर्दीच्या चौकातून दोनदा न्यावी, 40 च्या वेगावर एकदम पाय दाबून पाहावा. जुनी ऑटोमॅटिक घेताना इंजिन रात्रभर थंड झालेले असताना जावे. आर वरून डी वर घेताना दणका बसतो का, चढावर निघताना थरथर होते का, आणि गिअरबॉक्सचे तेल कंपनीने सांगितलेल्या मुदतीत बदलल्याची पावती आहे का, एवढे पाहिल्याशिवाय सौद्याचे बोलू नये.