दिसणारे वादक आणि ऐकू येणारे वादन

नांदेड जिल्ह्याच्या किनवट तालुक्यात इस्लापूर हे गाव आहे. पैनगंगेवरील सहस्रकुंडाचा धबधबा तेथून जवळच असल्यामुळे पावसाळ्यात त्या बाजूस पाहुण्यांची रीघ लागते. धबधबा दुरून पाहणाऱ्यास एक गोष्ट सहसा जाणवत नाही. जे पाणी त्या क्षणी पडताना दिसते, त्याचाच आवाज त्या क्षणी कानी येत नसतो. प्रकाश तत्काळ पोहोचतो, आवाज मागाहून येतो. तथापि पाणी अखंड पडते व नादही अखंड चालतो, म्हणून डोळा आणि कान यांच्यात तंटा उपस्थित होत नाही. त्याच मुलखात एखादी वरात शेतापलीकडून येत असली म्हणजे अनुभव पालटतो. ढोलावर काठी पडलेली आधी दिसते व तिचा आवाज मागून येतो. ध्वनीचा वेग सेकंदास सुमारे ३४० मीटर असल्यामुळे शंभर मीटरांवरचा ठोका सेकंदाच्या जवळजवळ तिसऱ्या हिश्श्याने उशिरा ऐकू येतो, आणि तेवढा उशीर कोणाच्याही ध्यानात येतो.

चित्रपटात एखादा रॉक बँड वाजवीत असलेला दाखवावयाचा म्हणजे दिग्दर्शकापुढे हाच प्रश्न उभा राहतो. चित्रपटाच्या पट्टीवर एका सेकंदात चोवीस चित्रे सरकतात. एक चित्र पडद्यावर असते तेवढ्या वेळात ध्वनी सुमारे चौदा मीटर अंतर जातो. व्हायोलिनचा लांबलेला स्वर हा धबधब्यासारखा असतो. तेथे थोडे मागेपुढे झालेले खपून जाते. ड्रमचा आघात मात्र वरातीतल्या ढोलासारखा असतो. चित्र आणि आवाज यांत चार-पाच चित्रांचे अंतर पडले की वादकाचा हात खोटा वाटू लागतो, आणि एकदा हात खोटा वाटला की सारा प्रसंगच खोटा ठरतो.

यावर साधा उपाय असा की, वादन व चित्रण एकाच वेळी करावे. आरंभीच्या बोलपटांनी तेच केले. १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक चित्रपटगृहात ‘आलम आरा’ हा हिंदुस्थानातील पहिला बोलपट प्रदर्शित झाला. त्यातील गाणी नटांनी छायाचित्रकासमोर स्वतः म्हटली, व साथीदार वादक दृश्याच्या चौकटीबाहेर दडून बसले. जवळून आगगाड्या जात असल्यामुळे बरेचसे काम रात्री उरकावे लागे. पुढच्याच वर्षी कोल्हापुरास प्रभात कंपनीने ‘अयोध्येचा राजा’ काढला. त्यातही गोविंदराव टेंबे व दुर्गाबाई खोटे यांनी आपापली गाणी स्वतःच गायिली. म्हणजे त्या काळी गाणाऱ्याचा कंठ खरा होता आणि साथही खरी होती. परंतु साथ करणारा दिसू नये याची दक्षता मात्र कसोशीने घेतली जाई.

या पद्धतीत एक मोठी अडचण होती. गाण्याचे दृश्य एकाच जागेवरून घेऊन भागत नाही. एकदा दुरून, एकदा जवळून, एकदा केवळ हातांचे, अशी अनेक तुकड्यांनी ते घ्यावे लागते. आणि कोणताही जिवंत वादक एकच तुकडा दहा वेळा अगदी त्याच गतीने वाजवू शकत नाही. किंबहुना वाजवू शकत नाही यातच त्याचे जिवंतपण असते. असे तुकडे जोडावयास गेल्यास लय तुटते. म्हणून कलकत्त्याच्या न्यू थिएटर्स कंपनीने १९३५ साली ‘धूपछाँव’ व त्याच्या बंगाली आवृत्तीत, नितीन बोस यांच्या दिग्दर्शनाखाली व रायचंद बोराल यांच्या संगीतात, निराळा मार्ग धरला. गाणे आधी स्वतंत्रपणे मुद्रित करावयाचे, ते चित्रणस्थळी ध्वनिवर्धकावर लावावयाचे, आणि नटांनी त्याबरहुकूम ओठ हलवावयाचे. मुद्रित गाणे दर वेळी एकाच गतीने चालत असल्यामुळे तुकडे बिनचूक जुळू लागले. पार्श्वगायनाची प्रथा येथून दृढ झाली. पडद्यावरचा गायक व प्रत्यक्ष गाणारा यांची जशी फारकत झाली, तशीच पडद्यावरचा वादक व प्रत्यक्ष वाजविणारा यांचीही झाली.

ही फारकत क्वचित एखाद्या वेळी मिटलेलीही दिसते. १९५१ साली भगवानदादांनी ‘अलबेला’ काढला. त्याचे संगीत पुणतांब्याच्या रामचंद्र नरहर चितळकर यांचे, म्हणजेच सी. रामचंद्र यांचे. मुंबईच्या हॉटेलांत नृत्यासाठी वाजणारे पाश्चात्त्य संगीत त्यांनी हिंदी गीतांत आणले, व त्या कामी त्यांना चिक चॉकलेट या ट्रंपेटवादकाचे साहाय्य झाले. या वादकाचे मूळ नाव अंतोनियो झेवियर वाझ. गाव गोव्यातील हळदोणे. ‘अलबेला’ चित्रपटात हा गृहस्थ आपल्या ताफ्यासह पडद्यावर झळकतो. ज्यांच्या फुंकरीवर त्या काळची हिंदी गाणी नाचत होती, त्यांतील एकाचा चेहरा त्या निमित्ताने प्रेक्षकांस पाहावयास मिळाला.

पुढे १९६५ साली आलेल्या ‘गुमनाम’ चित्रपटाचा आरंभीचा नाच प्रसिद्ध आहे. तेथे टेड लायन्स यांचा ‘कब्स’ हा ताफा गिटार व ड्रम घेऊन समोर उभा असतो, हर्मन बेंजामिन गात असलेला दिसतो, लक्ष्मी छाया नाचते. कानावर पडणारा आवाज मात्र महंमद रफी यांचा आणि संगीत शंकर–जयकिशन यांचे. पडद्यावरचा तरुण ताफा व ध्वनिमुद्रणाचा कसलेला वाद्यवृंद या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, अशी शंकाही नाच पाहताना येत नाही, इतकी जोडणी चोख आहे. २००१ सालच्या ‘घोस्ट वर्ल्ड’ या अमेरिकी चित्रपटाच्या प्रारंभी हाच नाच दाखविला आहे.

ध्वनिमुद्रणाच्या त्या वाद्यवृंदांत गोव्याच्या वादकांचा भरणा मोठा होता, याचेही कारण समजून घेण्यासारखे आहे. गोव्यात चर्चच्या शाळांतून मुलांस पाश्चात्त्य स्वरलेखन शिकविले जाई. संगीतकाराने चाल गाऊन दाखवावी, संयोजकाने ती प्रत्येक वाद्यासाठी कागदावर मांडावी, आणि पन्नास माणसांनी ती समोर ठेवून एकदम वाजवावी, हे काम लिहिलेले स्वर वाचता येणाऱ्यांनाच साधण्यासारखे होते. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस हे अशा संयोजकांपैकी एक. प्यारेलाल यांस व्हायोलिन त्यांनी शिकविले. १९७७ सालच्या ‘अमर अकबर अँथनी’ चित्रपटातील एका गाण्याने त्यांचे नाव घरोघर पोहोचले; पण ते नाव एका खऱ्या वादनगुरूचे आहे, हे गाणे गुणगुणणाऱ्यांपैकी फार थोड्यांस ठाऊक होते. चित्रपटाच्या नामावलीत संगीतकार येई, गायक येई. संयोजक व वादक यांस बहुधा जागा नसे. दिसणे व ऐकू येणे यांची फारकत यंत्राच्या सोयीसाठी झाली खरी, परंतु तिचा भुर्दंड या माणसांस पडला.

अलीकडे या बाबतीत थोडा पालट झाला आहे. २००८ सालच्या ‘रॉक ऑन’ चित्रपटात मुंबईतील चार मित्रांच्या रॉक बँडची कथा आहे. त्यात नायकाचे काम करणारे फरहान अख्तर यांनी गाणी स्वतःच्याच आवाजात म्हटली, व साथीदारांच्या भूमिकेत ल्यूक केनी हे प्रत्यक्षात संगीतक्षेत्रात वावरलेले कलावंत घेतले. त्याच सुमारास झी मराठीवरील ‘सारेगमप लिटल चॅम्प्स’ या स्पर्धेने मराठी घरांतून दुसरीच सवय लावली. गाणाऱ्या मुलांच्या मागे कमलेश भडकमकर यांचा वाद्यवृंद प्रत्यक्ष बसलेला दिसे. अमर ओक बासरी ओठांस लावीत आणि तीच बासरी ऐकू येई. प्रेक्षक वादकांस नावाने ओळखू लागले. दूरचित्रवाणीवर दिसण्यापूर्वी त्या आवाजाची तोलजोख होते हे खरे. तरी वाजविणारा व दिसणारा एकच, एवढे तेथे जुळले.

रवी जाधव यांच्या २०१६ सालच्या ‘बँजो’ या हिंदी चित्रपटाने रस्त्यावरचा ताफाच कथेच्या मध्यभागी आणला. गणपतीत व दहीहंडीत वाजणारा हा महाराष्ट्रीय बँजो अमेरिकी बँजोहून अगदी वेगळा आहे. त्याच्या तारांवर टंकयंत्रासारख्या कळा असतात. डाव्या हाताने कळ दाबावयाची व उजव्या हाताने तारा छेडावयाच्या. त्याचे मूळ जपानात, नागोया येथे १९१२ साली निघालेल्या ताइशोगोतो या वाद्यात आहे. अशा वादकाची भूमिका लातूरच्या रितेश देशमुख यांनी केली. येथेही नायक नट व संगीत विशाल–शेखर यांचे. परंतु मिरवणुकीत वाजविणाऱ्यालाही मान असतो व अपमानही सोसावा लागतो, ही गोष्ट त्या निमित्ताने पडद्यावर सांगितली गेली.

चित्रपटाचे गाणे अखेरीस पुन्हा रस्त्यावरच येते. ‘सैराट’ चित्रपटाच्या संगीतातील वाद्यवृंदाचा भाग अजय–अतुल यांनी लॉस एंजेलिस येथे मुद्रित केला. ते वादक कोणी पाहिले नाहीत. त्याच चित्रपटाचे ‘झिंगाट’ मराठवाड्यातील लग्नांतून बँडवाले वाजवू लागले. तेथे तुकडे जोडणे नाही, पुन्हा घेणे नाही. ज्याचा हात हलतो त्याचाच ठोका ऐकू येतो, फार तर अंतराइतका उशिरा. वरात दाराशी आली की तोही उशीर संपतो. मग त्या वाजविणाऱ्यास पाणी विचारावे व नावही विचारावे, एवढे सौजन्य कोणत्याही यजमानास अवघड नाही.