विकी : वर्गाची सामाईक वही

पेढीवरील जुन्या मुनीमजींचा एक दंडक असे. रोजकीर्दीत चूक झाली तरी खाडाखोड करावयाची नाही. मूळ आकडा तसाच ठेवून दुरुस्तीची उलट नोंद घालावयाची. चूकही दिसली पाहिजे आणि तिची दुरुस्तीही. आजच्या ‘विकी’ची घडण बरीचशी याच शिस्तीची आहे.

अमेरिकेतील संगणकतज्ज्ञ वॉर्ड कनिंगहॅम यांनी १९९५ मध्ये पहिले विकी सुरू केले. ‘विकी’ हा हवाई बेटांच्या भाषेतील शब्द. त्याचा अर्थ ‘त्वरित’. विकिपीडिया २००१ मध्ये आला आणि मराठी विकिपीडिया २००३ मध्ये. वाचकाला दिसते ते केवळ पान. त्यामागे ‘इतिहास’ नावाचे दुसरे पान असते. कोणत्या सदस्याने, कोणत्या दिवशी, किती वाजता कोणता शब्द घातला अथवा काढला, याची नोंद तेथे राहते. ‘चर्चा’ हे तिसरे पान मतभेदांसाठी. शिक्षणाच्या दृष्टीने खरे मोल या मागच्या दोन पानांचे आहे.

समजा, नववीच्या चार विद्यार्थ्यांनी शाळेच्या विकीवर कर्मवीर भाऊराव पाटील यांच्यावर लेख लिहावयास घेतला. जन्म १८८७, कुंभोज, हे एकाने लिहिले. रयत शिक्षण संस्थेची स्थापना साताऱ्यात झाली, असे दुसऱ्याने ठोकून दिले. तिसरीने पुस्तक उघडले. स्थापना १९१९ मध्ये कराडजवळील काले या गावी झाली होती आणि संस्था साताऱ्यास आली ती १९२४ मध्ये. तिने दुरुस्ती केली, आधार नोंदवला आणि चर्चा पानावर कारण लिहिले. चूक करणाऱ्याला कोणी उभे करून बोलले नाही, पण तो ती विसरणारही नाही. अनेकांताचा संस्कार असलेल्या घरांना दुसऱ्याचे म्हणणे ऐकून घेण्याची ही रीत परकी वाटू नये. अर्थात अनेकांत म्हणजे काले आणि सातारा दोन्ही खरे, असे नव्हे.

मात्र साधन चांगले म्हणून काम चांगले होतेच असे नाही. २०११ साली पुण्यातील काही महाविद्यालयांत विकिमीडिया फाउंडेशनने मोठा प्रयोग केला. इंग्रजी विकिपीडियावर लेख लिहिणे हा विद्यार्थ्यांच्या गृहपाठाचा भाग झाला. अनेकांनी पुस्तकांतील व संकेतस्थळांवरील उतारे जसेच्या तसे उतरवले. ते शोधून काढता काढता स्वयंसेवक संपादक थकले आणि वर्षअखेरीस प्रयोग थांबवावा लागला. विद्यार्थी फार आणि त्यांना शिकवणारे अनुभवी हात थोडे, हे त्याचे एक कारण होते. दुसरे कारण घराघरांत आहे. वहीत उतरवून काढणे म्हणजेच अभ्यास, ही समजूत आपणच रुजवली आहे. दुसऱ्याचा माल न विचारता उचलणे म्हणजे अचौर्य व्रताचा भंग, हे प्रत्येक मुलाला ठाऊक असते. दुसऱ्याचा परिच्छेद उचलतानाही तेच व्रत मोडते, हे मात्र त्याला कोणी सांगितलेले नसते.

मराठी विकिपीडियावर सरावाच्या पानाला ‘धूळपाटी’ असे सुंदर नाव आहे. पूर्वीची मुले धूळ पसरलेल्या पाटीवर अक्षरे गिरवीत, तसाच हा कच्चा मसुदा. प्रारंभ येथेच करावा, गट चौघा-पाचांचा असावा आणि विषय जवळचा निवडावा: गावातील जिनमंदिर, बाजारपेठ, एखादे जुने वाचनालय. यासाठी मोठा खर्चही नाही. मीडियाविकी अथवा डोकुविकी या प्रणाली विनामूल्य मिळतात आणि त्यांवरील विकी शाळेपुरते मर्यादित ठेवता येते.

गुण देण्याच्या दिवशी शिक्षकांनी लेख वाचावा आणि मग ‘इतिहास’ उघडावा. चौघांच्या नावावरचा लेख एकाच मुलीने रात्री अकरा वाजता बसून पुरा केला असेल, तर ते तेथे दिसते.